चहाच्या पुड्यावरची बाई

आजचं बोलणं चहाबद्दल आहे. पण चहा कसा उकळावा, दिवसात किती कप प्यावा, त्याने पित्त होतं की नाही, यातलं आम्ही काहीच सांगणार नाही. ते सांगणाऱ्या आपल्याकडे घरोघर आहेत. आम्ही बोलणार आहोत चहाच्या पुड्याबद्दल. आतल्या पुडीबद्दल थोडं आणि बाहेरच्या कागदाबद्दल, त्यावरचं नाव, चित्र, रंग आणि आकडे यांच्याबद्दल जास्त.

कारण असं, की येत्या दिवाळीपासून आमच्या गटाचा स्वतःचा चहा बाजारात आणायचं ठरलं आहे. आसामची पत्ती घाऊक व्यापाऱ्याकडून आणायची, तिच्यात आपल्या परसातला वाळवलेला गवती चहा आणि थोडी सुंठ मिसळायची, पुडे भरायचे आणि आठवडी बाजारात आणि किराणा दुकानांत द्यायचे. मिश्रणाचं प्रमाण लवकर जमलं. घोडं अडलं ते पुड्यापाशी. नाव काय ठेवायचं, पुढे चित्र कसलं, मागे काय लिहायचं, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. पैसे गटाच्या बचतीतले, वर बँकेचं कर्ज, त्यामुळे जी ती जीव ओतून भांडत होती. शेवटी म्हटलं, आपल्या आधी ज्यांनी चहाचे पुडे विकले त्यांनी काय केलं ते तरी बघू या. वाचत गेलो तसा तो इतिहास काही ठिकाणी मजेचा आणि काही ठिकाणी चांगलाच बोचणारा निघाला. तोच आज सांगतो.

सुरुवातीला चहाला पुडाच नव्हता. चीनमधून तो जहाजाने लाकडी पेट्यांत यायचा. पेटीला आतून शिशाच्या पातळ पत्र्याचं अस्तर असायचं, कारण चहा ओल आणि वास फार पटकन ओढून घेतो. आपणही चहाचा डबा हिंगाच्या शेजारी ठेवत नाही, ते उगाच नाही. इंग्लंडातला दुकानदार पेटी फोडायचा, हवा तेवढा चहा तराजूत घालायचा आणि कागदात बांधून द्यायचा. गिऱ्हाईक चहा कुठला ते विचारत नसे, दुकान कुणाचं ते बघत असे. चहाची पहिली ओळख म्हणजे तो विकणाऱ्याचं नाव.

आणि हे विकणाऱ्यांत बायका होत्या, बरं का. यॉर्क शहरात मेरी ट्यूक नावाच्या बाईने १७२५ साली किराणा आणि चहाचं दुकान काढलं. वय तिशीचं, लग्न झालेलं नाही, आईवडील नाहीत. शहरात व्यापाऱ्यांचा एक जुना संघ होता आणि त्याच्या परवान्याशिवाय दुकान चालवायला बंदी होती. संघाने तिला दंड ठोठावले, दुकान बंद करायला सांगितलं. ती काही वर्षं झगडत राहिली आणि शेवटी संघालाच नमतं घ्यावं लागलं. तिच्या घराण्याचा चहाचा धंदा पुढे पिढ्यानपिढ्या चालला आणि त्याच दुकानातल्या कोकोच्या धंद्यातून राउंट्री ही कंपनी निघाली, जिचं किटकॅट आपली मुलं खातात. दुसरी मेरी लंडनची. ट्विनिंग घराण्यातला नवरा १७६२ साली वारला आणि तिने पुढे वीसेक वर्षं दुकान चालवलं. तिच्यामागून, १७८७ साली, ट्विनिंग हे नाव ज्या अक्षरांत दुकानावर लागलं, जवळजवळ त्याच अक्षरांत ते आजही त्यांच्या चहावर छापतात. अक्षरं सगळ्यांना ठाऊक आहेत. मेरीबाई फारशा कुणाला ठाऊक नाहीत.

मग सुटा चहा गेला का आणि पुडा आला का? उत्तर एका शब्दात आहे, भेसळ.

त्या काळी चहावर कर जबर होता आणि चहा महाग. त्यामुळे लोक काय काय करत! खानावळींतून उकळून टाकलेला चोथा विकत घ्यायचा, वाळवायचा, डिंक लावून कडक करायचा आणि पुन्हा विकायचा. कुंपणाच्या झुडपांची पानं घालायची. याच ट्विनिंग घराण्यातल्या रिचर्डने १७८५ साली एक पुस्तिका छापली. अ‍ॅश नावाच्या झाडाची पानं मेंढ्यांच्या लेंड्यांसोबत भिजवून चहात कशी मिसळतात याचं वर्णन त्याने तिच्यात केलं आहे. (हे वाचल्यावर आमच्या बैठकीत आलेला चहा दोघींनी तसाच ठेवला.) हिरव्या चहाची तऱ्हा आणखी निराळी. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ नंतर वेश बदलून चीनच्या चहाच्या मुलखात फिरला. तिथे कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांसाठीच्या चहाला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम लावताना त्याने पाहिलं. कामगारांचे हात निळे झाले होते. स्वतः चिनी लोक असला चहा पीत नव्हते. साहेबाला हिरवागार रंग हवा होता म्हणून त्याच्यापुरता तो रंगवला जात होता.

या गोंधळात १८२६ साली जॉन हॉर्निमन नावाच्या व्यापाऱ्याने एक साधी गोष्ट केली. त्याने चहा आधीच तोलून, कागदी पुड्यात भरून, तोंड बंद करून विकायला सुरुवात केली. वर त्याचं नाव आणि वजन. त्याचं म्हणणं एवढंच, की हा पुडा माझ्याकडून निघाला तेव्हा आत शुद्ध चहा होता आणि सील फुटलं नसेल तर अजूनही आहे. वाण्यांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांची मिसळायची आणि वजनात मारायची सोय गेली. म्हणून हॉर्निमनने सुरुवातीला औषधांच्या आणि मिठाईच्या दुकानांतून पुडे विकले. सांगायचा मुद्दा असा, की पुडा देखणेपणासाठी आला नाही. तराजू धरणाऱ्या हातावर विश्वास उरला नव्हता म्हणून तो आला.

आणि हे दोनशे वर्षांपूर्वीचं प्रकरण समजू नका. चहाला रंग लावणारे आजही पकडले जातात. घरी बघायची रीत सोपी आहे. टिपकागदावर किंवा गाळणकागदावर चिमूटभर चहापूड पसरा, वर थोडं पाणी शिंपडा, मग पूड काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडासमोर धरा. कागदावर रंगाचे डाग उरले तर पुडीत रंग आहे. लोखंडाचा चुरा असेल तर लोहचुंबकाला चिकटतो. आमच्या पत्तीचं पहिलं पोतं आम्ही असंच तपासून घेतलं.

आता येतो टॉमस लिप्टन. या माणसावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आज चहाच्या पुड्यावर जे जे दिसतं त्यातलं पुष्कळ त्याच्या डोक्यातून निघालं आहे. ग्लासगोचा गरीब घरातला मुलगा. १८७१ साली त्याने लोणी, अंडी, मांस यांचं दुकान काढलं आणि त्याची साखळी केली. १८९० साली तो श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये गेला. तिथले कॉफीचे मळे तांबेऱ्यासारख्या रोगाने बसले होते आणि जमीन स्वस्तात मिळत होती. त्याने मळे घेतले, चहा थेट स्वतःच्या दुकानांत आणला आणि बाजारापेक्षा जवळजवळ निम्म्या भावात विकला. चहाच्या पेट्या गाड्यांवर लादून बँड लावून गावातून मिरवणूक काढायची, हीसुद्धा त्याचीच रीत. आपल्याकडे बैलपोळ्याला निघते तशी.

त्याच्या दोन युक्त्या आमच्या फार कामाच्या होत्या. एक म्हणजे पाव, अर्धा आणि एक पौंडाचे ठरावीक पुडे, भडक रंगांचे. दुसरी युक्ती पाण्याची. प्रत्येक शहराचं पाणी निराळं, म्हणून तुमच्या गावच्या पाण्याला मानवेल असं मिश्रण आम्ही केलं आहे, अशी जाहिरात तो करायचा. ही निव्वळ बोलबच्चनगिरी नव्हती. जड पाण्यात चहाचा रंग मळका येतो, वर तवंग धरतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा चहा आणि तळ्याच्या पाण्याचा चहा यांतला फरक कुठलीही बाई डोळे मिटून सांगेल. शंभरावर वर्षांपूर्वी ग्लासगोच्या माणसाने ते पुड्यावर आणलं, आणि आपल्या दुकानांतल्या किती पुड्यांवर ते आहे ते बघा.

तिसरी गोष्ट मात्र घशात अडकते. त्याचा दावा असा, की चहाच्या मळ्यापासून थेट तुमच्या किटलीपर्यंत. आणि हे डोळ्यांना पटावं म्हणून त्याने जाहिरातींत तमिळ मजूर बाई आणली. कानात डूल, अंगावर नेटकी साडी, टोपली, हिरवा डोंगर, चेहऱ्यावर हसू. तेव्हापासून ती बाई जगभरच्या चहाच्या पुड्यांवर उभी आहे. कंपन्या बदलल्या, देश बदलले, पण ती तशीच हसते आहे. या मजूर बायकांची कुटुंबं दक्षिण भारतातून कंगाण्यांनी, म्हणजे मुकादमांनी, नेलेली. आसामात छोटा नागपूर आणि ओडिशाकडची माणसं करार करून नेली, आणि करार मोडला तर तो गुन्हा होता. चित्रात यातलं काही येत नाही. टोपली मात्र येते.

टोपलीचा हिशोब आम्ही मांडून पाहिला. चहाची दोन पानं आणि एक कळी खुडायची असते. साधारण साडेचार किलो हिरवं पान खुडलं तर वाळून, भाजून एक किलो चहा होतो. म्हणजे तुमच्या घरच्या पाव किलोच्या पुड्यासाठी किलोभराहून जास्त पान कुणीतरी बोटांनी खुडलेलं असतं. आसामातल्या बऱ्याच मळ्यांत दिवसाचं काम २४ किलोंच्या आसपास ठरलेलं असतं. म्हणजे दिवसभर उभं राहून पाचेक किलो चहाचं पान. खुडणाऱ्यांत बहुतेक बायकाच.

योगायोग बघा. आमच्या पुड्याचं डिझाइन करून देणाऱ्या मुलाने जो पहिला नमुना पाठवला त्यातही हीच बाई होती. त्याने आपल्या परीने ती आपलीशी केली होती. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, पाठीला टोपली, आणि मागे आसामचे मळे. आम्ही पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर गटात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, चित्र देखणं आहे, बाई बघून बाई पुडा उचलेल, आणि बायकांचा गट आहे तर बाई हवीच. काहींचं म्हणणं, आपल्यातल्या एकीनेही चहाचा मळा पाहिलेला नाही, मग ही कोण?

आमच्यातल्या एक वहिनी बरीच वर्षं ऊसतोडीला जात होत्या. त्या म्हणाल्या, साखरेच्या पोत्यावर कोयता घेतलेली बाई कधी पाहिलीत का? आम्ही कुणीच पाहिली नव्हती. त्या पुढे म्हणाल्या, पोत्यावर माझा फोटो छापतो म्हणाले असते तर मी नाही म्हटलं नसतं, पण उचल किती आणि तोडीचा दर काय, हे आधी विचारलं असतं. त्यावर मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

इतिहासाकडे परत येऊ. हिंदुस्थानात चहा पिकत होता, पण तो पीत होते साहेब आणि थोडे शहरी लोक. १८३९ साली आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं चांगला माल तिकडेच जात राहिला. महाराष्ट्रात तर चहा पिणं हा धर्माचा प्रश्न होऊ शकत होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा आला. नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि गावात ग्रामण्य माजलं. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलं आहे. ते घरातल्या बाईच्या नजरेने वाचावं, कारण बाहेरच्या एका कपाने घरात काय काय ढवळलं जातं ते तिथे कळतं. तिथे चहा चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कुणाच्या हातचा.

म्हणून वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पितात हे चित्र आम्हाला नुसतं गमतीचं वाटत नाही. नारणदास देसाई दक्षिण आफ्रिकेतून १९१५ साली परत आले, १९१९ साली त्यांनी अहमदाबादेत चहाचं दुकान काढलं आणि १९३४ मध्ये वाघ बकरी हे नाव घेतलं. गांधीजींनी दिलेलं प्रशस्तिपत्र ती कंपनी आजही अभिमानाने दाखवते. सबळ आणि दुबळा एका कपाला तोंड लावतात, असा त्या चित्राचा अर्थ. ज्या काळात गावच्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळी कपबशी टांगलेली असायची, त्या काळात हे चित्र पुड्यावर छापणं म्हणजे काहीतरी म्हणणंच होतं. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळत होतं. चित्र लावायचं तर असं, अशी आमच्या गटातल्या बऱ्याच जणींची खात्री झाली.

अक्षर न येणाऱ्यांचा विचार इंग्रज कंपन्यांनीही केला होता, पण त्यांच्या सोयीने. ब्रुक बाँडने १९०३ साली इथे रेड लेबल आणलं. आता या नावातला बाँड कोण? कुणीच नाही! आर्थर ब्रुकने १८६९ साली मँचेस्टरला दुकान काढलं तेव्हा कानाला बरं वाटतं म्हणून बाँड जोडून दिला. आणि रेड लेबल म्हणजे तरी काय, लाल चिठ्ठी. पण वाण्याकडे जाऊन लाल पुडा द्या म्हणता येतं, यातच सगळं आलं. रंग हेच नाव. त्याच १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा केला. त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि पुढे तिशीच्या दशकात, जगात मंदी आली आणि बाहेर माल खपेना, तेव्हा प्रचाराचा सगळा जोर आपल्यावर वळला. बाजारात फुकट चहा करून पाजायचा, रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या एनॅमलच्या पाट्या लावायच्या, आणि गरिबाला परवडेल अशी एका पैशाची पुडी विकायची. आजच्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची ती आजी. पाट्यांवरची कृती साहेबी होती, पानं उकळत्या पाण्यात ठेवा, दूध वेगळं घाला. आपल्या लोकांनी पुडी घेतली आणि कृती सोडून दिली. दूध, पाणी, साखर, आलं सगळं एकत्र उकळलं. कंपन्यांची कुरकुर चालू राहिली आणि आपला चहाही.

१९४७ साली याच प्रचार मंडळासाठी अन्नदा मुन्शी या चित्रकाराने एक जाहिरात केली. एक बाई चरख्यावर सूत काततेय, जवळ चहा, आणि दावा असा की चहा शंभर टक्के स्वदेशी आहे. चित्र फार सुंदर आहे. पण गांधीजींनी स्वतः आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात चहाविरुद्ध लिहिलं होतं, आणि मळे बहुतेक ब्रिटिश कंपन्यांचे होते. काल साहेबाच्या किटलीशेजारची बाई आज चरख्याशेजारी आणून बसवली, एवढाच बदल. आम्हाला हे थोडं निर्लज्जपणाचं वाटतं. चित्रकाराच्या हाताचं कौतुक मात्र कमी होत नाही.

पुढचं भराभर सांगतो. पुडीचा आकार बदलला, कारण चहा बदलला. आसामात १९३० च्या सुमारास मॅककर्चर नावाच्या माणसाने पान चिरडून, फाडून, गोळी करणारं यंत्र काढलं, आणि आपण जिला ममरी म्हणतो ती दाणेदार सीटीसी पत्ती आली. कमी पत्तीत गडद रंग. कागदी खोक्याच्या जागी १९८० च्या दशकात प्लॅस्टिकची बंद पिशवी आली आणि ताजेपणा हा नवा शब्द झाला. टी बॅगचं श्रेय एका अमेरिकन व्यापाऱ्याला देतात, पण कपात बुडवायच्या कापडी पिशवीसाठी १९०१ सालीच अमेरिकेतल्या रोबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींनी अर्ज केला होता आणि १९०३ साली त्यांना पेटंट मिळालंही होतं. बायकांची नावं राहून जातात ती अशी.

आता पुड्यावरच्या बाईचा शेवटचा मोठा फेरा. टी बोर्डाने १९८३ साली दार्जिलिंग चहासाठी एक मुद्रा केली. गोलात एका बाईचा चेहरा बाजूने दिसतो आणि हातात दोन पानं न् कळी. मुद्रा करायचं कारण तेच, हॉर्निमनचं. दार्जिलिंगच्या मळ्यांत वर्षाला सुमारे १ कोटी किलो चहा होत असताना जगात त्या नावाने ४ कोटी किलो विकला जातो, असं सांगितलं जायचं. २००४ साली दार्जिलिंग चहाला भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं. नावाला कायद्याचं कुंपण मिळालं. बाईच्या चेहऱ्याने मालाची राखण केली, हे चांगलंच झालं.

आणि खुद्द बायांचं? सप्टेंबर २०१५ मध्ये केरळातल्या मुन्नारला चहामळ्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. त्यांचा बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला होता. त्यांनी आपल्याच युनियनच्या पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिलं नाही, कारण बोलणी नेहमी पुरुषांनी केली आणि पाठ नेहमी बायकांची वाकली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आपल्या एकजुटीला नाव दिलं पेंबिलै ओरुमै, म्हणजे बायकांची एकी. थोड्याच दिवसांत त्यांना सगळं मिळून २० टक्के कबूल झालं. रोजची मजुरी तेव्हा २३२ रुपये होती. त्यांनी ५०० मागितले, पुढच्या महिन्यात ३०१ वर तडजोड झाली. त्या दिवसांतले त्यांचे फोटो बघा. पुड्यावरच्या बाईशी एकही चेहरा जुळत नाही.

हे सगळं वाचून आमच्या पुड्याचं काय झालं ते सांगतो, कारण आमच्यासारखे गट ऐकत असतील.

नावापासून सुरुवात. एक सूचना शिवछत्रपतींच्या नावाची होती. पण १९५० च्या एका कायद्याने त्यांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या चिन्हासाठी वापरायला बंदी आहे. दुसरी सूचना लक्ष्मीच्या चित्राची. त्यावर एक काकू म्हणाल्या, पुडा रिकामा झाला की उकिरड्यावर जातो, तिथे देवीला पाठवायचं का? विषय संपला. आता जे नाव ठरलंय ते दुसऱ्या कुणाचं नाही ना, हे ट्रेडमार्कच्या यादीत बघायला दिलं आहे. चहाचा वर्ग ३० वा. तो निरोप येईपर्यंत नाव गुलदस्त्यात. तुम्हीही नाव ठरलं की छापायच्या आधी हे करा, कारण छापून झाल्यावर बदलणं फार महाग पडतं.

छपाईचं म्हणाल तर छापील पाऊचला प्रत्येक रंगामागे एक सिलिंडर काढावा लागतो आणि पाऊच हजारोंनी घ्यावे लागतात. ते आम्हाला झेपणारं नाही. म्हणून आतून अस्तर असलेले साधे पाऊच घेतले आणि वर लेबल चिकटवायचं ठरवलं. रंग एकच, गडद हिरवा, म्हणजे बाजारात कुणालाही हिरवा पुडा द्या म्हणता येईल. ही उसनवारी ब्रुक बाँडकडून. निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना, घटक, खाद्य परवान्याचा क्रमांक आणि आमचा पत्ता, हे कायद्याने लागतंच. ते आम्ही बारीक अक्षरांत कोपऱ्यात न टाकता मोठ्या अक्षरांत घेतलं. वजन पाऊच सोडून मोजलं आहे. बोअरच्या पाण्यासाठी पत्ती किती आणि उकळी किती, हे तीन घरांत करून बघितलं आणि मागे छापलं. ही उसनवारी लिप्टनकडून.

आणि बाई? नथवाली बाई काढली. मत घेतलं तेव्हा ती राहावी म्हणणाऱ्याही पुष्कळ होत्या आणि त्या अजून थोड्या रुसलेल्या आहेत. तिच्या जागी गवती चहाचं एक पातं आहे, कारण तेवढंच खरोखर आमच्या हातचं आहे. त्याखाली तीन ओळी. पत्ती आसामची. गवती चहा आणि सुंठ आमच्या गावची. मिसळून भरणार गटाच्या बायका.

चौथ्या ओळीवरून बराच खल झाला. वहिनींचं म्हणणं होतं, पत्ती आसामची एवढ्यावर भागत नाही, कुठल्या मळ्याची ते लिहा, म्हणजे उद्या कुणाला चौकशी करायची तर करता येईल. व्यापारी म्हणाला, असं कुणी विचारत नाही. पण पोत्यावर मळ्याची खूण, प्रत आणि क्रमांक छापलेला असतो, तो आम्ही वाचला आणि त्याच्याकडून मळ्याचं नाव काढून घेतलं. अडचण एवढीच, की पुढच्या खेपेला दुसऱ्याच मळ्याचं पोतं येऊ शकतं आणि दर वेळी लेबल नवं छापणं परवडत नाही. म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे आणि नाव रबरी शिक्क्याने मारायचं ठरलं आहे. पहिला शिक्का करायला टाकला आहे, गुरुवारी मिळेल.